आरसा वेगळा, पोलराइज्ड वेगळं
गॉगलवरच्या या लेखात आरशासारखी काच आणि चकाकी कापणारी पोलराइज्ड काच एकच धरली आहे, तिथे वाचकाची फसगत होईल. आरशाचा मुलामा समोरून येणारा थोडा प्रकाश परतवतो, म्हणजे सगळंच सरसकट मंद होतं. पाण्यावरची चकाकी निवडून कापणं त्याला जमत नाही. ते काम पोलराइज्ड थराचं. पाण्यावरून किंवा डांबरी रस्त्यावरून परावर्तित झालेला प्रकाश मुख्यतः आडवा कंप पावतो आणि हा थर तेवढाच अडवतो. पाण्याच्या बाबतीत किरण पृष्ठभागाच्या लंबाशी साधारण ५३ अंशांचा कोन करून पडले, तर ही कापणी जवळपास पूर्ण होते. तारकर्लीला होडीतून जाताना मी गॉगल चढवला आणि पांढऱ्या झगमगीखालची वाळू स्वच्छ दिसायला लागली. मान कलती केली की चकाकी परत! दुकानात गॉगल तपासायचा तो असाच, डबक्याकडे किंवा ओल्या फरशीकडे बघत तिरका फिरवून.

आरशाच्या मुलाम्याचा रंग बाहेरून निळा दिसला तरी तुम्हाला दिसतं ते आतल्या छटेतून. करड्या काचेत रंग खरे राहतात, तपकिरीत उठाव वाढतो.

दुचाकीवाल्यांनो, एक मात्र कळकळीने सांगते: पावसाळ्यात रस्त्यावरच्या पाण्याची, सांडलेल्या तेलाची चमक हीच धोक्याची खूण असते आणि पोलराइज्ड काच नेमकी तीच पुसते. मोबाइलचा पडदाही काही कोनांतून काळा पडतो. आणि अतिनील संरक्षण यातल्या कशातच गृहीत धरू नका, ते वेगळं विचारून घ्या.