कुऱ्हाडीची दुसरी बाजू

कट्ट्यावर विषय काढला मकरंदने. स्वारी नुकतीच क्रोएशिया फिरून आलीय. झाग्रेबच्या जुन्या, टेकडीवरच्या भागात त्याने ‘म्युझियम ऑफ ब्रोकन रिलेशनशिप्स’ पाहिलं. मोडलेल्या प्रेमांच्या वस्तूंचं संग्रहालय.

"म्हणजे लोकांनी भंगार द्यायचं आणि आपण तिकीट काढून बघायचं?" नंदू.

"भंगारच. एक टोस्टर आहे. सोडून जाणाऱ्याने तो उचलून नेला, म्हणे आता भाज कशात भाजायचं ते!"

खरा माल वस्तूशेजारच्या चिठ्ठीत असतो. देणाऱ्याचं नाव नाही; नातं कुठलं, कधीचं, आणि खाली त्याचं म्हणणं. युद्धात पाय गेलेला एकजण संरक्षण खात्याच्या समाजसेविकेच्या प्रेमात पडला. कृत्रिम पायाचं सामान मिळवून देता देता जमलं होतं. पुढे प्रेम संपलं, पाय टिकला. पायाचं मटेरियल जास्त चांगलं होतं, असं त्यानेच लिहिलंय.

"हा माणूस आपल्या कट्ट्यावर पाहिजे होता," नंदू म्हणाला.

मग बर्लिनची कुऱ्हाड आली. देणारीची जोडीदारीण दुसरीबरोबर सुट्टीवर गेली, तर हिने रोज तिच्या फर्निचरमधली एकेक वस्तू फोडली. ती सामान न्यायला आली तेव्हा लाकडाचे नीट ढीग लावून तयार.

इथे वर्षा उसळली. ती वकील, कुटुंब न्यायालयात रोजचं जाणं-येणं. "नातं दोघींचं आणि चिठ्ठी एकीची? मी पण रोज हेच बघते रे, पण तिथे समोरच्याला उलटतपासणी तरी घेता येते."

"अगं, नाव कुठे दिलंय? बदनामी कुणाची?" मकरंद.

"स्वतःचं कपाट ओळखणार नाही ती?"

मला वर्षाचं अर्धंच पटलं. कोर्टात कुणीतरी हरावं लागतं, म्हणून दोन्ही बाजू लागतात. इथे निकालच नाही; माणूस मनातलं ओकून मोकळा होतो. शिवाय संग्रहालय काढलं तेच मुळी एका मोडलेल्या जोडीने, ओलिंका विष्टिका आणि ड्राझेन ग्रुबिशिच. 2003 मध्ये वेगळे झाले, सामायिक वस्तूंचं काय करायचं यावर थट्टा करता करता कल्पना सुचली, 2006 मध्ये पहिलं प्रदर्शन भरलं, 2010 मध्ये कायमची जागा झाली. दोघांचा चावीवर चालणारा खेळण्यातला ससाही त्यात आहे.

"तो ससा दोघांनी मिळून दिला," वर्षा म्हणाली. "बाकीचे एकेकटेच आले." वकिलीण ती, सोडते कसली.

मकरंदने लॉस एंजेलिसच्या शाखेचं सांगितलं: 2016 ला उघडली, पुढच्याच वर्षी बंद. "शाखेशीही जमलं नाही," नंदू.

शेवटी तोडगाही नंदूनेच काढला. कुऱ्हाडीशेजारी एक कोरी पाटी लावा, जिचं फर्निचर फुटलं तिला वाटलं तर येऊन लिहील.

"आणि कुऱ्हाडवालीने त्याला उत्तर दिलं तर?" वर्षाने विचारलं.

"मग अजून भांडतायत म्हणजे नातं चालूच आहे. कुऱ्हाड परत करा."