आम्हीच कायम लूपला का?

काल संध्याकाळी परत तेच! साताऱ्याहून सांगलीला येताना मधल्या एका बारक्या स्टेशनात आमची पॅसेंजर लूपला, म्हणजे मेन लाईनच्या बाजूच्या थांबायच्या रुळावर, घातली आणि ५० मिनिटं, अहो ५० मिनिटं, हलायचं नाव नाही. पुढं स्टार्टर, म्हणजे स्टेशनातनं सुटायचा सिग्नल, लाल. शेजारी मेन लाईन मोकळी, रूळ चकाचक, एक कुत्रं निवांत त्यावरनं पलीकडं गेलं. समोरच्या आजी दर दोन मिनिटांनी विचारायच्या, "कुणाची वाट बघतीया रं गाडी?" काय सांगू त्यांना. मग मागनं एक्सप्रेस आली, धडाधडा निघून गेली, वाटलं सुटलो. कुठलं! ती पुढच्या स्टेशनात पोचून ब्लॉक, म्हणजे दोन स्टेशनांमधला रूळ, मोकळा होईपर्यंत आम्हाला सिग्नल नाही, आणि तो मोकळा होतोय तोवर मागं दुसरी हजर, मग तिलाही आधी सोडा!

एकेरी लाईन होती तेव्हा गप बसायचो. समोरनं गाडी येतीय म्हटल्यावर कुणीतरी बाजूला व्हायलाच पाहिजे, क्रॉसिंग ते क्रॉसिंग. १९७१ च्या सुमारास मीटरगेजची ब्रॉडगेज झाली, तिथनं पुढं पुणे-मिरज २८० किलोमीटरला दुसरी लाईन मिळेपर्यंत आमच्या दोन पिढ्या क्रॉसिंगला बसून म्हाताऱ्या झाल्या. आता जायची वेगळी, यायची वेगळी, तर म्हणे ओव्हरटेक! फास्ट गाडी स्लो गाडीच्या मागं रखडली तर सगळं वेळापत्रक बोंबलतं हे मलाही कळतं, लूप त्यासाठीच असतो. पण काट्यावरनं, म्हणजे रूळ बदलतो तिथनं, लूपला शिरताना ताशी ३० किलोमीटरच्या आत यायचं, थांबायचं, परत वेग धरायचा, हा भुर्दंड दर वेळी आम्हीच का भरायचा? मालगाडी आमच्या आधी सोडलेली ह्या डोळ्यांनी बघितलीय मी! दगड-कोळशाला घाई, आणि माणसं बसू देत.

आणि सांगायचं तरी, की बाबांनो अर्धा तास लागंल. माईक असतोय ना स्टेशनात? त्यावरनं आजवर एक शब्द ऐकला नाही. वर ॲपवर गाडी 'वेळेवर'! त्यात सातारा स्टेशन गावाबाहेर माहुलीला, तिथवर रिक्षाला पैसे मोजून धावतपळत गाडी गाठायची ती ह्यासाठी?

सांगलीला उतरलो तेव्हा आजींचा नातू जिन्यापाशी उभा होता. दीड तास झाला म्हणाला, डबा तसाच हातात.