किंमत लिहा की राव!

सांगलीतल्या जुन्या सामानाच्या ग्रुपवर लोक कपाटाचे फोटो टाकतात चारही बाजूंनी, अगदी आरशात स्वतःचं बनियन दिसेपर्यंत. किंमत मात्र गायब. विचारलं की 'इनबॉक्समध्ये या'. का? चोरीचा माल आहे? आकडा चारचौघांत टाकायला लाज वाटत असेल तर आकडाच चुकलाय, सरळ आहे.

आणि तो कळला की डोकं आणखी फिरतं. सात वर्षं घासलेलं वॉशिंग मशीन, ड्रायर बंद, आणि म्हणे 'नवीन १८ हजाराला घेतलेलं, १५ ला देतो'. अहो, सात वर्षं कपडे फुकट धुतले का त्यात? फ्रिजचं तर बोलायलाच नको. २०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी घरात शिरलं असेल, तर तेवढं तरी आधी सांगा. खालचा पत्रा गंजलेला दिसतोच आम्हाला.

घेणारेही काही कमी नाहीत हं. ८ हजार स्पष्ट लिहिलंय, तरी खाली 'लास्ट बोला'. मग 'तीनला द्या, आत्ता गाडी घेऊन येतो'. घासाघीस करून पाचला ठरतं, तर विश्रामबागेतून मिरजेपर्यंत यायचं जिवावर येतं. फोन बंद. आपण दुसऱ्या गिऱ्हाइकाला नाही सांगून मोकळे! चार दिवसांनी त्याच पठ्ठ्याचा मेसेज येतो, 'अव्हेलेबल आहे का?'