मारवा ऐकताना षड्जाची वाट

गेल्या आठवड्यात घरी काय ऐकलंत, असं एका लेखाच्या शेवटी वाचकांना विचारलं आहे; हे त्याला माझं उत्तर. मी सलग चार संध्याकाळी एकच ऐकलं: गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांचा राग मारवा. तीच ती जुनी एल.पी. (तबकडी), जिच्या दुसऱ्या बाजूला दरबारी राग आहे.

हा मारवा विलंबित, म्हणजे संथ लयीतल्या झुमरा तालात आहे. १४ मात्रांचं आवर्तन इतकं संथ की पहिल्या दिवशी मला सम (आवर्तनाची पहिली मात्रा) सापडेचना. दुसऱ्या दिवशी ती शोधणं सोडून दिलं आणि नुसता कोमल रिषभ ('रे') ऐकत बसलो. मारव्यात पंचम ('प') नाहीच, आणि षड्जावरही ('सा') गायक सहजी टेकत नाही. रिषभ आणि धैवत ('ध') हेच मुक्कामाचे स्वर. त्यामुळे अस्वस्थता साचत जाते आणि बऱ्याच वेळानं 'सा' लागला की छातीतलं काहीतरी सैल होतं. हे आधी वाचलं होतं, पण कळलं ते या वेळी.

मग मुद्दाम पूरिया आणि सोहनी हे राग लावले. स्वर तेच सहा! पण पूरिया गंधार-निषादावर ('ग' आणि 'नी') रेंगाळत मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात उतरतो आणि सोहनी तार षड्जाकडे (वरच्या 'सा'कडे) झेपावते. तीन वेगळी माणसंच जणू.

एक विनंती आहे. हे मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. खर्जातलं (खालच्या सुरांतलं) काम आणि तानपुऱ्याचा निषाद त्यात हरवून जातो. साधे हेडफोनही चालतील. कुणी मारव्याचं दुसरं एखादं ध्वनिमुद्रण सुचवेल का? वाद्यावरचं असलं तर फारच छान.