‘अशा मुलांची नावं पालकसभेत जाहीर करा’ म्हणणाऱ्यांना

गणपतीपासून हा मेसेज आमच्या वाड्यावाड्यांतून फिरतोय. मजकूर असा: ‘नवीन कायदा आला आहे. शाळा तुम्हाला न विचारता तुमच्या मुलाचं लिंग दाखल्यावर बदलणार. मुलींच्या शौचालयात मुलगे जाणार. अशा मुलांची नावं पालकसभेत जाहीर करा, अशी मागणी करा.’ दापोली तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत मी १९ वर्षं शिकवतेय. चार पालकांनी मला हा मेसेज दाखवला, त्यातल्या दोघी खरंच घाबरल्या होत्या. त्यांच्यासाठी लिहितेय.

आधी दाखल्याचं. एका मुलीच्या आडनावातली वेलांटी चुकली होती. तेवढ्यासाठी पालकांचा अर्ज, पुरावे, मुख्याध्यापकांचं पत्र, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी, आणि मग कुठे जनरल रजिस्टरला लाल शाई लागली. तिचे वडील होडी किनाऱ्याला ठेवून तीनदा रत्नागिरीला जाऊन आले. ओळखीचं प्रमाणपत्र तर शाळेच्या हातात नाहीच. तृतीयपंथी व्यक्तींच्या हक्कांच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे ते जिल्हाधिकारी देतात, आणि १८ वर्षांखालच्या मुलासाठी अर्ज आईवडिलांनी किंवा पालकानेच करायचा, असं पाचवं कलम सांगतं. मग ‘न विचारता’ आलं कुठून?

बहुधा अमेरिकेतून. कॅलिफोर्नियात जुलै २०२४ मध्ये एबी १९५५ या कायद्यावर सही झाली. मुलाच्या लिंगओळखीबद्दल त्याच्या संमतीशिवाय घरी कळवायची सक्ती शाळांनी शिक्षकांवर करू नये, असं तो म्हणतो. त्यावरून तिथे कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. तो वाद तिथला. आपल्या २०१९ च्या कायद्यात असं कलम नाही.

तो कायदा नवीनही नाही, १० जानेवारी २०२० पासून लागू आहे. शिक्षणात अशा मुलाशी भेदभाव करायचा नाही, हे त्याचं तिसरं कलम.

शौचालयांचं म्हणाल, तर मुलामुलींची शौचालयं वेगळी हवीत ही शिक्षण हक्क कायद्यातली अट आहे. आमच्या मुलींची अडचण निराळीच आहे: एप्रिलमध्ये टाकीत पाणी नसतं आणि दाराला कडी लागत नाही. त्यासाठी सभेत आवाज करा, मी सोबत उभी राहते.

आता नावं जाहीर करायचं. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, गाव सांगत नाही. सातवीतलं पोर, रजिस्टरला मुलगा म्हणून नोंद. परिपाठाला ते मुलींच्या रांगेच्या टोकाशी उभं राहायचं. वर्गातल्या कुणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. पावसाळ्यातल्या एका सभेत एकाने सगळ्यांदेखत त्याच्या आईला विचारलं, ‘तुमचा पोरगा नक्की हाय तरी काय?’ आई खिडकीशी बसली होती, छत्रीचं पाणी तिच्या पायाशी निथळत होतं. ती काही बोलली नाही. सोमवारपासून कॅटलॉगवर त्या नावापुढे गैरहजेरी लागायला लागली. दोन आठवड्यांनी मी घरी गेले, तर मला बघून पोर गोठ्यामागे गेलं. मी निघेपर्यंत बाहेर आलं नाही.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला एकमताने सांगितलंय. तो हक्क आमच्या वाडीतल्या पोरालाही आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमात मारासोबत मानसिक छळालाही बंदी आहे. २०१९ च्या कायद्यात तर तृतीयपंथी व्यक्तीला शब्दांनी छळलं तरी सहा महिने ते दोन वर्षं कैद आहे.

आपल्या मुलाचं आपल्याला कळावं, ही पालकांची काळजी मला समजते. मीही आई आहे. पण आईवडिलांना कळणं वेगळं आणि वाडीला कळणं वेगळं. मेसेज मागतोय ते दुसरं.

येत्या शनिवारी व्यवस्थापन समितीची सभा आहे. कायद्याची प्रत टेबलावर ठेवीन, ज्यांना वाचायची त्यांनी वाचावी. रजिस्टर कपाटात राहील.