कोपनहेगन ते केरी, व्हाया फोंडा

आवडत्या बँडच्या मागे देशोदेशी हिंडायला निघालं की जाताना सोबत आयती मिळते. विमानतळावर कुणाच्याही अंगात तो काळा टी-शर्ट दिसला की नावगाव न विचारता गप्पा सुरू. स्टेडियमचं कुठलं दार आधी उघडतं, रांगेत कितीला उभं राहायचं, पाण्याची बाटली आत नेऊ देतात का, सगळं कुणीतरी सांगतं. परतताना ही माणसं जातात कुठे, हे मला आजवर कळलेलं नाही. शेवटचं गाणं संपतं, दिवे लागतात आणि एवढा मोठा गोतावळा बघता बघता मेट्रोच्या जिन्यात जिरून जातो. उरते मी, आखडलेली मान, बसलेला घसा, कानात अखंड शिट्टी आणि काखेत मीटरभर लांबीचं पुठ्ठ्याचं नळकांडं.

बँड मेटॅलिका, अमेरिकेतला हेवी मेटलवाला. गाण्यांवर डोकं झटकून झटकून मान का आखडते हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगून पटायचं नाही. २०२३च्या एप्रिलमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला सुरू झालेल्या त्यांच्या दौऱ्याचा नियम असा, की बहुतेक शहरांत दोन रात्री वाजवायचं आणि पहिल्या रात्रीचं एकही गाणं दुसऱ्या रात्री घ्यायचं नाही. म्हणजे सगळं ऐकायचं तर दोन्ही रात्रींची तिकिटं काढणं आलं. याला कलेवरची निष्ठा म्हणायचं की मुरलेल्या दुकानदाराचं डोकं, हे ज्याने त्याने आपापला खिसा चाचपून ठरवावं. मी ७ आणि ९ जून २०२४ला हेलसिंकीत होते, १४ आणि १६ला कोपनहेगनात. जूनमध्ये हेलसिंकीला सूर्य साडेदहा वाजून गेल्यावर मावळतो. अंधारासाठीच जन्मलेलं ते संगीत आम्ही हजारो काळे कपडेवाल्यांनी ढळढळीत उजेडात ऐकलं.

गाणी परत न घेण्याचा हा नियम मी फोनवर बाबांना सांगितला. बाबा देवळाच्या उत्सवातल्या संगीत नाटकांना ऑर्गनची साथ करतात.

"म्हणजे वन्स मोअर नाही?"

"नाही."

"लोकांनी मागितला तरी?"

"तरी नाही. गाणं परत नाहीच."

"मग पैसे तरी परत देतात?"

एकेका पदाला वन्स मोअरवर वन्स मोअर देत ज्यांनी नाटकं कोंबडं आरवेपर्यंत लांबवली आहेत, त्यांना मेटॅलिका ही सरळसरळ कामचुकार मंडळी वाटली.

नळकांड्यात पोस्टर होतं. हाताने छापलेलं, मोजक्याच प्रतींचं, कोपऱ्यात पेन्सिलीने क्रमांक घातलेलं. बॅगेत घातलं तर मोडणार, म्हणून हातात. कोपनहेगनला सुरक्षा तपासणीवाल्याने ते उघडून दुर्बिणीगत डोळ्याला लावलं आणि पलीकडून माझ्याकडे पाहिलं. आखाती विमानतळावर रात्री दोन वाजता ते यंत्रातून आडवं गेलं, मग उभं गेलं, मग परत आडवं. मुंबईत कस्टमच्या साहेबांनी मराठी नाव वाचून आपुलकीने विचारलं, "आत काय?" कानातल्या शिट्टीमुळे मला ऐकू आलं, "जात काय?" मी ताठ मानेने (दुसऱ्या कुठल्या मानेने देणार?) उत्तर दिलं, "तुम्हाला काय करायचंय?" पुढचा अर्धा तास आम्ही दोघांनी मिळून ते पोस्टर बघितलं.

तोवर एक गोष्ट लक्षात आली. माझी सुटकेस आलेलीच नव्हती. पट्ट्यावर कुणाचं तरी एकटं गाठोडं फेऱ्या घालत होतं. तक्रारीचा फॉर्म भरताना गावाच्या रकान्यात 'केरी, फोंडा' लिहिलं आणि मला आमच्या गावच्या गायिका केसरबाई केरकर आठवल्या. त्यांची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सोनेरी तबकडीत बसून निघाली. त्यातलं एक यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडलं. आजही ते नेमकं कुठे आहे हे शास्त्रज्ञ सांगू शकतात. माझी सुटकेस कोपनहेगन आणि मुंबईच्या मध्ये कुठे आहे, हे मात्र काउंटरवरच्या मुलीला सांगता येईना. गाण्याने परतीचं तिकीट काढूच नये, हे बाईंना बरोबर समजलं होतं.

जाताना मी दाबोळीहून, म्हणजे गोव्याच्या जुन्या विमानतळावरून, उडाले होते. परतीचं विमान मधल्या काळात मोपाच्या नव्या विमानतळाला वळवण्यात आलं, तेही एका एसएमएसवर. २०२३च्या जानेवारीत मोपा सुरू झाल्यापासून आम्हा गोंयकारांना हा नवा ताप आहे. आपण एका विमानतळावर आणि न्यायला आलेलं माणूस दुसऱ्यावर, मधे तीन नद्या. बाहेर मृगाचा पाऊस कोसळत होता. टॅक्सीचा दर ऐकला. तेवढ्यात बँडचं आणखी एक तिकीट आलं असतं, म्हणून सरकारी कदंबची विजेवरची बस धरून पणजी गाठली आणि तिथून फोंड्याच्या बसमध्ये घुसले. कंडक्टर "फाटीं सर, फाटीं सर" करत होता. मी सरकता सरकता एका म्हाताऱ्या काकांशेजारी टेकले.

इथवरचा सात-आठ हजार किलोमीटरचा प्रवास सोपा होता असं आता वाटतं.

काकांनी आधी माझा काळा टी-शर्ट पाहिला, मग काळी पँट, मग नळकांडं. रायबंदर सुटेपर्यंत त्यांचं गणित जमलं होतं.

"बाय, हो प्लान खंयचो?"

मला शब्द ऐकू आले नाहीत, नुसते ओठ हललेले दिसले. तेही डोळ्याच्या कोपऱ्यातून, कारण मान वळत नव्हती. अशा वेळी मी "हां हां" म्हणते. ते त्यांनी होकार समजून घेतलं. काळे कपडे म्हणजे वकील आणि गुंडाळी म्हणजे सर्व्हे प्लॅन! गोव्याच्या बसमध्ये याहून जास्त पुरावा कुणी मागत नाही. जुनं गोवं येईतो काकांचं मुंडकारीचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवर घर असलेल्याच्या हक्काचं, प्रकरण सुरू झालं होतं. आजोबांच्या वेळचं घर, भाटकार म्हणजे जमीनमालक मुंबईला, मामलेदाराकडे तारखा, जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव भलत्याचंच. बाणस्तारीच्या पुलावर बस अडकली तेव्हा ते १९७५च्या कायद्यापर्यंत पोचले. पंचायतीच्या हद्दीत मुंडकाराला तीनशे चौरस मीटर मिळतात की नाही? "हां हां." मग भाटकार दोनशेवर का अडतो? "हां हां." मी समोर बघत ताठ बसलेली. पक्षकाराचं एवढं एकाग्रतेने ऐकून घेणारी वकील त्यांना पहिल्यांदाच भेटली असावी.

म्हार्दोळला पुढच्या बाकावरचे गृहस्थ मागे वळून चर्चेत सामील झाले. त्यांचं प्रकरण टेनन्सीचं, म्हणजे कूळकायद्याचं होतं. फर्मागुडीचा चढ लागला तसा कंडक्टरही तिकिटं सोडून वाटणीपत्राचं विचारायला आला. माझ्या कानातली शिट्टी तेव्हा कुठे ओसरायला लागली होती. पहिलं वाक्य स्वच्छ ऐकू आलं ते काकांचं: "तर मग बाय, आयतारा सकाळीं येतां हांव."

मी खुलासा करायला तोंड उघडलं. घसा बसलेला. त्यातून जो आवाज आला त्याला काकांनी पत्ता विचारल्यावर दिलेली संमती मानलं. बाबांचं नाव कंडक्टरलाच माहीत होतं. "ऑर्गनवाल्याची चली!"

घरी पोचल्यावर आईने मानेला तेल चोळलं आणि ऑफिसात फार वाकून काम करू नकोस म्हणाली. सुटकेस चार-पाच दिवसांनी आली, ओली. पोस्टर मात्र कोरडं ठणठणीत राहिलं आणि बाबांनी तोंड वाकडं करून का होईना, बैठकीच्या खोलीत लावायला जागा दिली.

रविवारी सकाळी काका आले. प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदांची चळत, सोबत केळ्यांचा घड. मी सगळा खुलासा केला, आता घसाही सुटला होता. ऐकून घेतलं न घेतलंसं करून ते उठले आणि चष्मा लावून पोस्टरपाशी गेले. दोन्ही हातांत साखळ्या धरून बसलेल्या सांगाड्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"भाटकार हुबेहूब," म्हणाले.

मग वाकून खालच्या कोपऱ्यातला पेन्सिलीचा क्रमांक वाचला, २१२/३००. माझ्याकडे, बाबांकडे, परत क्रमांकाकडे बघत त्यांनी तो मोठ्याने म्हटला. "सर्व्हे नंबर दोनशें बारा. तीनशें मीटर! सांगलेलें न्हय हांवें?"

बाबा ऑर्गनच्या आड तोंड लपवून हसत होते. काकांनी पिशवीतून पेन काढलं, क्रमांक आपल्या कागदावर नीट उतरवून घेतला आणि मला विचारलं, "हाची झेरॉक्स मामलेदाराक चलतली न्हय?"