बिशपबाई येण्याआधी घ्यायची खबरदारी

तुम्ही चर्चच्या कमिटीवर आहात, अंगात इस्त्रीचा कोट आहे आणि मंडळीतली एक बाई पाळक व्हायचं म्हणते आहे. घाबरू नका. घाबरलेला माणूस तोंडावर 'नाही' म्हणून मोकळा होतो आणि ते सभेच्या मिनिट-बुकात कायमचं राहतं. विरोध असा करावा की उद्या वारं फिरलं तर आपण पहिल्यापासून बायकांच्याच बाजूने होतो, हे शपथेवर सांगता यावं. या कामात इंग्लंडच्या चर्चचा हात कुणी धरणार नाही. त्यांच्याकडून शिका.

आधी शास्त्र. बायबलातल्या, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायातलं बारावं वचन पाठ करून ठेवा: स्त्रीने शिकवू नये, पुरुषावर अधिकार चालवू नये. तीनच वचनं अलीकडे केस गुंफण्याला, सोन्याला, मोत्यांना आणि भारी कपड्यांनाही मनाई आहे. तिथे मात्र 'तो त्या काळचा संदर्भ' म्हणून पान उलटा. मुलीच्या लग्नाचा अल्बम सगळ्या मंडळीने पाहिलेला आहे. रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय नुसता सलाम सांगण्याचा, म्हणून कुणी वाचत नाही. तुम्हीही वाचू नका. त्यात फिबी, प्रिस्का अशा बायका निघतात आणि पौल त्यांच्याविषयी फार आदराने बोलतो. ईस्टरच्या पहाटे कबरीपाशी कोण पोचलं आणि पुरुष कुठे दार लावून बसले होते, हा विषय ईस्टरपुरताच ठेवावा.

शास्त्रात अडकलात तर संस्कृतीवर या. तीही स्वतःची नको, दुसऱ्याची घ्या. १८८४ साली पंडिता रमाबाई इंग्लंडात चेल्टनमच्या लेडीज कॉलेजात होत्या. बाप्तिस्मा होऊन वर्षही उलटलं नव्हतं. त्यांनी पुरुषांनाही शिकवावं असा विषय निघाला आणि इकडे लाहोर-मुंबईचे गोरे बिशपसाहेब अस्वस्थ झाले. बाईने पुरुषांना शिकवलं हे हिंदुस्थानात कळलं तर तिचं वजन कायमचं जाईल, असं म्हणणं पडलं. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांसमोर बोलून 'सरस्वती' पदवी मिळवली, तिला हिंदुस्थानात काय चालतं हे समजावून सांगणं ही सोपी गोष्ट नव्हे. रमाबाईंचं उत्तरही लक्षात ठेवा, म्हणजे असा प्रसंग आपल्यावर येणार नाही. माझ्या आईने तरुणांना शिकवायला वडिलांची हरकत नव्हती, मी शिकवायला नवऱ्याची नव्हती, आणि इंग्रजांची आहे याचं मला नवल वाटतं, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं. पुढे याच बाईने हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं आणि केडगावात मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांच्या हातून छापून घेतलं. तुम्ही रमाबाईंचा फोटो हॉलमध्ये जरूर लावा. फोटो पाळकपदासाठी अर्ज करत नाही.

मेलेल्या बाईचे असे फार उपयोग आहेत. अमेरिकेतले सदर्न बॅप्टिस्ट पंथाचे लोक दर नाताळात परदेशी मिशनसाठी कोट्यवधी डॉलर गोळा करतात, ते लॉटी मून या बाईच्या नावाने. ही चीनमध्ये गावोगाव सुवार्ता सांगत हिंडली आणि १९१२ च्या नाताळाच्या आदल्या दिवशी वारली. त्याच मंडळींनी २००० साली पाळकपद फक्त पुरुषांचं असं विश्वासपत्रात लिहून घेतलं आणि २०२३ मध्ये बायकांना पाळक केलं म्हणून कॅलिफोर्नियातल्या सॅडलबॅक या आपल्या अवाढव्य चर्चला बाहेर काढलं. वर्गणी चालू आहे.

कधी कधी अडचणीची वेळ येते आणि पुरुष मिळत नाही. तेव्हा बाईला कामाला लावायला हरकत नाही, फक्त नंतर आवरायचं कसं ते माहीत हवं. १९४४ साली जपानी वेढ्यामुळे मकावच्या अँग्लिकनांना, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्याच पंथातल्या लोकांना, प्रभुभोजन द्यायला कुणी धर्मगुरू पोचेना. हाँगकाँगच्या बिशप हॉलनी फ्लोरेन्स ली टिम-ओई यांना दीक्षा दिली. काम त्या आधीपासून करतच होत्या. युद्ध संपलं, साहेब लोकांना नियम आठवले, आणि १९४६ साली बाईंनी आपला परवाना परत केला. अंगावरची दीक्षा मात्र सोडली नाही. १९९२ च्या फेब्रुवारीत त्या टोरांटोत वारल्या; त्याच नोव्हेंबरात इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना धर्मगुरू करण्याचा ठराव घेतला. आता अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या पंचांगात त्यांचा स्मरणदिन आहे, २४ जानेवारी. आपण ज्यांना घरी बसवलं, त्यांच्या नावाने आपणच उपासना घ्यायची. एवढी तयारी ठेवा.

आता इंग्लंडच्या सिनडचा, म्हणजे चर्चचे नियम करणाऱ्या सभेचा, खरा हातखंडा. १९७५ साली त्यांनी ठराव केला की स्त्रियांच्या दीक्षेला मूलभूत अशी कोणतीही हरकत नाही. म्हणजे आपल्याकडच्या भाषेत, तत्त्वतः मंजुरी. मंत्रालयाची पायरी चढलेल्या माणसाला पुढचं सांगायला नको. तीन वर्षांनी प्रत्यक्ष मार्ग मोकळा करण्याचा ठराव आला तेव्हा तो धर्मगुरूंच्या सभागृहात पडला. गॅलरीतून स्त्रियांच्या दीक्षेसाठी झगडणाऱ्या डॉ. उना क्रोल ओरडल्या, आम्ही भाकर मागितली, तुम्ही धोंडा दिलात! असं कुणी ओरडलं की बायका फार भावनाप्रधान असतात, एवढं शेजाऱ्याच्या कानात सांगावं. तत्त्वतः मंजुरीपासून पहिल्या ३२ बायकांच्या दीक्षेपर्यंत, म्हणजे ब्रिस्टलच्या मार्च १९९४ पर्यंत, भिजत घोंगडं १९ वर्षं नीट भिजलं.

बिशपपदाची पाळी आली तेव्हा २०१२ मध्ये ठराव सामान्य सभासदांच्या सभागृहात सहा मतांनी गळाला. दहा महिन्यांनी इकडे आंध्रातल्या नंद्यालला चर्च ऑफ साउथ इंडियाच्या ई. पुष्पललिता बिशप झाल्या. म्हणजे ज्या मुलखात इंग्लंडहून माणसं सुवार्ता घेऊन आली, तिथून उलटटपाली उत्तर गेलं. अशा वेळी 'तिकडची परिस्थिती वेगळी' म्हणावं. हे वाक्य १८८४ सालीही चाललं होतं, फक्त तेव्हा उलट्या दिशेने.

शेवटी २०१४ मध्ये कायदा झाला आणि जानेवारी २०१५ मध्ये यॉर्कच्या मिन्स्टर या कॅथीड्रलमध्ये लिबी लेन बिशप झाल्या. एक धर्मगुरू उठून हे बायबलात नाही म्हणून ओरडला. तुम्ही ओरडू नका, ओरडणारा बातमीत येतो. शिकण्यासारखं आहे ते पुढच्या आठवड्यातलं. त्याच मिन्स्टरमध्ये फिलिप नॉर्थ बिशप झाले. स्त्रियांची दीक्षा त्यांना मान्य नव्हती. रीतीप्रमाणे आर्चबिशप सेंटामूंनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवायचा, पण ते मागे राहिले आणि स्त्रियांना दीक्षा न देणाऱ्या तीन बिशपांनीच हात ठेवले. गेल्या आठवड्यात सेंटामूंचे हात एका बाईच्या डोक्यावर पडले होते ना! विटाळाचा संबंध नाही, हा तर सौजन्याचा संयम, असा खुलासा झाला. आपल्या आज्या सोवळ्यात स्वयंपाक करायच्या, त्यावर मिशनरी साहेबांनी किती पत्रकं छापली होती! त्या बिचाऱ्यांना 'सौजन्याचा संयम' म्हणायचं सुचलं नाही. शिवाय ज्या मंडळ्यांना बाई नको, त्यांच्यासाठी १९९३ पासून वेगळे फिरते बिशप आहेतच. कायदा सर्वांना सारखा ठेवावा, पाण्याचा हंडा तेवढा वेगळा.

रोमच्या कॅथलिक चर्चची पद्धत अधिक धीराची आहे. स्त्रिया उपयाजक, म्हणजे धर्मगुरूच्या एक पायरी खालचे सेवक, होऊ शकतात का, यावर पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली समिती नेमली. तिचं एकमत होईना, म्हणून २०२० मध्ये दुसरी नेमली. २०२५ च्या जानेवारीत धर्मसंघांच्या खात्यावर सिस्टर सिमोना ब्रांबिला प्रमुख झाल्या, असा मान मिळालेली पहिली बाई, आणि सोबत उपप्रमुख म्हणून एक कार्डिनल दिले. सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारी दुसरी खुर्ची मांडण्याची कला ग्रामपंचायतीनेच शोधली, असा आपला उगाच गर्व होता.

इतकं करूनही सगळ्यात वरची खुर्ची द्यायची वेळ आलीच, तर मुहूर्त नीट निवडा. नोव्हेंबर २०२४ मध्ये कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी राजीनामा जाहीर केला. मुलांवरच्या अत्याचाराचं एक जुनं प्रकरण चर्चने कसं हाताळलं, यावरचा अहवाल तेव्हा नुकताच बाहेर पडला होता. चर्चची अब्रू चव्हाट्यावर, आफ्रिकेतल्या कित्येक मंडळ्या आधीच रुसलेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये सेरा मुलाली यांचं नाव जाहीर झालं. या मूळच्या परिचारिका, सरकारच्या मुख्य परिचारिकाही होत्या. १०५ पुरुषांनंतर पहिली बाई. हार घालायला तुम्हीच पुढे व्हा, फोटोत मधे उभे राहा, भाषणात रमाबाईंचं नाव घ्या. मग आधीच्या १०५ जणांची उधारीची वही बाईंच्या हातात द्या आणि कोटाची बटणं लावत शेजाऱ्याला म्हणा, बघू या, बाईंना झेपतंय का.